घड्याळ बिल्डिंगमधला वास

प्रिय रेवा, प्रिय ईशान,

तुमच्या बाबाने पाठवलेला टॅब्लेट परवा मिळाला. खोकं मी स्वतःच उघडलं, कात्रीने टेप नीट कापून, कारण चांगली खोकी मला फाडवत नाहीत. आत पांढरा फोम, त्यावर पातळ प्लॅस्टिक आणि त्याखाली ती काळी काच. प्लॅस्टिक ओढून काढलं आणि... मी मटकन खुर्चीत बसले. शेजारच्या काकू आल्या होत्या, त्या घाबरल्या. "बीपीची गोळी घेतलीत ना?" म्हणाल्या.

बीपीचं काही नव्हतं. त्या खोक्यातून आलेला वास माझ्या ओळखीचा होता. सत्तरचं दशक संपता संपता, शिरूरच्या बाजारपेठेत, वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत मी तो वास घेतला होता. तेव्हा असली वस्तू आमच्या स्वप्नातही नव्हती.

म्हणून हे आत्ता लिहिते आहे. अडेल तिथे आईकडून वाचून घ्या, पण मधेच सोडू नका.

आधी एक स्पष्ट करते. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी पुण्याहून इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. अमावस्येला प्रवास केलेला आहे, मांजर आडवं गेलं तर मांजराला आधी जाऊ दिलेलं आहे, बस्स. शिरूरला लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई दृष्ट काढायच्या, मी गप्प उभी राहायचे — त्यांना बरं वाटावं म्हणून. पुढे जे लिहिते आहे ते ज्या क्रमाने घडलं त्याच क्रमाने लिहीन. त्याचा अर्थ काय, ते मला विचारू नका.

शिरूरला जुनी माणसं घोडनदी म्हणतात. इंग्रजांच्या काळात तिथे घोडदळाची छावणी होती, त्यामुळे पेठेत काही भक्कम दगडी इमारती उभ्या राहिल्या. छावणीला माल पुरवणाऱ्या एका पारशी कंत्राटदाराने बांधलेली दुमजली इमारत म्हणजे आमची. 'आमची' ही नुसती सवय. मालक आम्ही कधीच नव्हतो. दर्शनी भिंतीच्या माथ्यावर त्याने एक मोठं गोल भोक ठेवलं होतं, घड्याळासाठी. घड्याळ विलायतेहून यायचं होतं. ते आलं नाही. छावणी उठली, कंत्राटदार गेला, भोकात कबुतरं राहायला आली, आणि गावाने नाव ठेवलं — घड्याळ बिल्डिंग. नवखा माणूस मान वर करून विचारायचा, "घड्याळ कुठंय?" पेठेतला कुणीतरी तोंड गंभीर ठेवून सांगायचा, "यायचंय अजून."

पारशाच्या वारसांनी ती एका आडत्याला विकली. आडत्याच्या मुलांत वाटण्या झाल्या आणि भाडं कुणाला द्यायचं याचीच पंचाईत सुरू झाली. भाडेकरूही बदलत गेले. खाली रस्त्यालगत, दोन दगडी खांबांच्या मध्ये, माझ्या सासऱ्यांचं — मामंजींचं — कापडाचं दुकान. त्यांच्या आधी तिथे एक जिनगर होता. घोड्याचं जीन, लगाम, टांग्याचं सामान करायचा. वरच्या मजल्यावर आधी वकील, मग फोटो स्टुडिओ, मग नुसती धूळ. तिथे मी टायपिंग क्लास काढला. जिना दुकानाच्या मागून वर जायचा, त्यामुळे माझी जाण्यायेण्याची वाट दुकानातूनच होती.

मामंजी किडकिडीत, पांढरी टोपी, पांढरी गादी. गादीवर बसले की ते घरच्यापेक्षा वेगळेच दिसायचे. ताग्याला एक झटका दिला की कापड पाण्यासारखं पसरायचं. आमचा सगळा धंदा बस्त्यावर चालायचा. बस्ता म्हणजे लग्नाची कापडखरेदी. दोन्हीकडची माणसं बैलगाड्या करून यायची, दिवसभर दुकानात बसायची, आमच्याकडेच चहा घ्यायची, रुसायची, भांडायची आणि संध्याकाळी गाठोडी बांधून जायची. दुष्काळाची वर्षं कशीबशी ढकलली होती. पुन्हा लग्नं निघायला लागली होती, मामंजी पुन्हा हसायला लागले होते. अशात ते सुरू झालं.

दुपारची वेळ. पेठ झोपलेली. नदीपलीकडच्या एका गावचा बस्ता आला होता. मामंजींनी हिरवा शालू नुकता उलगडला होता आणि नवरीची आत्या एकदम पदर नाकाला लावून उठली.

"आगं बया! हितं दवाखान्याचा वास येतोय."

"दवाखान्याचा?" मामंजी हसले. "आत्याबाई, कोऱ्या कापडाचा आहे तो."

"शेठ, मला काय कळत न्हाई व्हय? माझा मालक दोन महिने दवाखान्यात पडला हुता. त्योच वास. ऊठ गं पोरी. लग्नाचं लुगडं काय दवाखान्यात घ्यायचं?"

मी जिन्याकडे निघाले होते; आता मलाही तो आला. स्पिरीट, आयोडिन, आणि त्या काळी डॉक्टर बाटलीत भरून द्यायचे त्या गुलाबी मिक्स्चरचा गोडसर दर्प. डाव्या हाताच्या खांबापाशी, गादीच्या कडेला. दोन पावलं मागे सरकलं की काही नाही.

नवरीच्या बापाने हात जोडले. "राग मानू नका शेठ. पर बायांच्या मनात आलं, मग आमचं काय चालतंय?" आणि सगळा बस्ता चपला घालून समोरच्या दुकानात गेला. मामंजींचा हात शालूवर तसाच राहिला होता.

मी रीतसर शोध घेतला. औषधाचं दुकान पेठेच्या पार दुसऱ्या टोकाला. मोरी मागच्या बाजूला. वरून काही गळत नव्हतं, माझ्या क्लासमध्ये शाईच्या फितीखेरीज वास येईल असं काही नव्हतं. तुमच्या आजोबांनी गादी उचलून फरशी धुऊन काढली, खांबाला चुना दिला. चुन्याचा वास दोन दिवसांत गेला. तो मात्र दुपार झाली की पुन्हा हजर. कधी येई, कधी येत नसे. पण बस्ता बसला असला की नेमका यायचा असं आपलं आम्हाला वाटायचं. कापडाला तो कधी लागला नाही. घरी आणून शालू हुंगून पाहिला मी, स्वच्छ कोरा.

बस्ते तुटायला लागले. पेठेत बोलणं सुरू झालं. शेजारचे भांडीवाले एकदा येऊन गादीवर बसले आणि म्हणाले, "शेठ, तुमच्या आधी हितं कुणी वैद्य, कंपाउंडर गेला असंल. त्याचं काय तरी मागं राहिलंय. तुम्ही जागेचा मान दिलता का?"

आमच्याकडे पद्धत होती. दुकानाची जागा घेतली की आधीच्या माणसाला नारळ आणि कापड द्यायचं आणि म्हणायचं, तुमची जागा, आम्ही बसतो. मामंजींनी तो मान दिला नव्हता. जिनगर घाईत गाव सोडून गेला होता, आणि मामंजी तेव्हा तरुण होते, राहून गेलं.

"त्याच्या आधी कोण होतं ते त्यालाच ठाऊक," मामंजी म्हणाले. "त्याचा मुलगा दौंडला रेल्वेत होता. जाऊन येतो."

"वासासाठी दौंडला?" तुमचे आजोबा वडिलांवर चिडून म्हणाले. "दादा, लोक हसतील."

"हसू देत. हसणारा बस्ता तरी बांधेल."

मला टायपिंगच्या परीक्षेच्या कामासाठी दौंडला जायचंच होतं. मी मामंजींबरोबर निघाले. एस्टी बदलत आम्ही दौंडला उतरलो तेव्हा ऊन चढलं होतं. दौंड म्हणजे तेव्हा कोळशाचा धूर. वाळत घातलेल्या कपड्यांवर काळे कण, बोलता बोलता मधेच इंजिनाची शिट्टी, की सगळे तेवढ्यापुरते थांबायचे आणि मग तिथूनच पुढे बोलायला लागायचे. रेल्वेच्या चाळीमागे जिनगराच्या मुलाचं, आप्पांचं, घर सापडलं. लोकोशेडमधून रिटायर झालेले, जाडजूड, अंगात बंडी. दारात बाजेवर बसून कुणाच्या तरी चामडी पिशवीचा बंद शिवत होते.

"या शेठ, या!" त्यांनी मामंजींना लगेच ओळखलं. "लई वर्सानं. आमची जागा हाय का अजून जागेवर?"

मामंजींनी नारळ आणि सदऱ्याचं कापड स्वतःच्या मांडीवर ठेवलं आणि सरळच विचारलं, "तुमच्या वडलांच्या आधी तिथे कुणी औषधाचं काम करत होतं का?"

"औषिद? न्हाई वो. माझ्या आज्यानं ती जागा पारशाकडनं घेतली तवा बिल्डिंगचा चुना बी वाळला नव्हता. तवापास्नं जीनच. गोऱ्या सायबांचं जीन, मग टांगेवाल्यांचं. औषिद म्हंजी एकच, घोड्याला जखम झाली तर हळद."

मग त्यांनी विचारलं, का? मामंजींनी सांगितलं. आप्पा ऐकत होते, दाभण हातात तसंच. मला वाटलं आता हसतील. इंजिनाची शिट्टी झाली. ती थांबल्यावर त्यांनी दाभण खाली ठेवलं.

"वासाचं म्हणत असाल तर..." ते म्हणाले, "आमच्या बापाला बी यायचा."

"औषधाचा?"

"न्हाई. कापडाचा."

मामंजी पुढे सरकले.

"शेवटचं वरीस-दीड वरीस," आप्पा म्हणाले. "दुकानात काय, चामडं आन् तेल. दुसरा वास यायला जागा कुठं? पर दुपार झाली की बा म्हणायचा, आरं, कोऱ्या धोतराचा वास येतोय. खळ लावलेल्या. नव्या नवऱ्याच्या अंगाला येतो बघा, तसा. त्या डाव्या खांबापाशी. आमच्या आईनं तर त्याचा जीव खाल्ला. म्हणायची, कुणासाठी लुगडं आणून दडवलंय ते सांग! सगळं दुकान हुडकलं तिनं." ते थोडं हसले, मग हसणं तसंच विरून गेलं. "मग टांगे कमी झाले, मला रेल्वेत लागलं, आन् आम्ही उठलो. आन् तिथं कोण आलं? तुम्ही आलात. पाठीवर कापडाचं गाठोडं घिऊन."

मी मामंजींकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. भीती नव्हती त्यात. आपलंच नाव अनोळखी माणसाच्या तोंडून ऐकल्यावर माणूस बघतो, तसे ते बघत होते.

"म्हणजे तो..." ते म्हणाले, "आमचा वास होता?"

"मला काय ठावं शेठ. मी आपलं घडलं ते सांगतो."

आप्पांच्या सुनेने चहा दिला. कापड त्यांनी ठेवून घेतलं. निघताना मामंजींनी नारळ मात्र दिला नाही. ते विसरले की काय म्हणून मी आठवण केली. ते एस्टीकडे चालू लागले. बसल्यावर नारळ मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सूनबाई, हा ज्याला द्यायचा, तो अजून यायचाय."

त्यानंतर मामंजी बदलले. घरी कुणाला सांगू नकोस म्हणाले, पण तुमच्या आजोबांना मी सांगितलं. ते म्हणाले, योगायोग. मीही म्हणाले, योगायोग. आम्ही दोघं शिकलेली, दुसरं काय म्हणणार? पण मामंजी गादीवर बसून प्रत्येक येणाऱ्याच्या हाताकडे बघायला लागले... हातात कातडी बॅग आहे का, खिशात डॉक्टरची नळी आहे का.

त्याच सुमारास आडत्याच्या मुलांनी बिल्डिंग विकली. नवे मालक निमोण्याचे एक बागाईतदार, आबा. भला दांडगा माणूस, फेटा, पायांत करकरणाऱ्या वहाणा. ते पहिल्यांदा आले तेव्हा मामंजी उठून उभेच राहिले. मला वाटलं, आता हेच म्हणणार, जागा खाली करा.

"बसा वो शेठ," आबा म्हणाले. "तुमचीच जागा हाय. मला काय कापड फाडता येतंय? भाडं द्या आन् ऱ्हावा."

"आबा, एक विचारू? तुमच्या घरात कुणी डॉक्टर आहे?"

"डॉक्टर?" आबा खदखदून हसले. "आमच्यात आजून ढोरांचा बी न्हाई झाला. का? काय हुतंय तुम्हाला?"

मामंजीही हसले. खूप दिवसांनी. त्या दिवशी दुकान वाढवून घरी आले ते गुणगुणत. नारळ देवघरात कोपऱ्यात पडला होता, वाळत चालला होता; सासूबाई म्हणाल्या, फोडून टाकू का? मामंजी म्हणाले, "राहू दे."

वास थांबला नाही. उलट दाट झाला. आधी खांबापाशी असायचा, आता गादीभर. मी क्लासला वर जाताना पदर नाकाशी धरायचे आणि मामंजींसमोरून जाताना तो खाली सोडायचे. गिऱ्हाईक येई, पण सुटं. बंडीचं कापड, टॉवेल. बस्ता बांधायला कुणी बसेना. दुपारी मामंजी एकटेच तागे उघडून पुन्हा गुंडाळत बसत.

मग ती आली.

उन्हाळ्याची दुपार होती. मी जिन्याच्या पायरीवर विद्यार्थिनींची वाट बघत उभी होते. साधी पांढरी साडी, खांद्याला बॅग, चप्पल धुळीने भरलेली. मांजरपाट हवं होतं, पडद्यांना. आणि पांढऱ्या कोटाला कापड. भांडगावची, शेतकऱ्याची मुलगी, नुकती डॉक्टर झालेली. शिरूरला दवाखाना टाकत होती.

मामंजींनी ताग्याला झटका दिला नाही. हळूच उलगडला.

ती गादीपाशी आली, थांबली, आणि नाक वर करून म्हणाली, "काका, इथे आधी दवाखाना होता का?"

"नाही," मामंजी म्हणाले. "आधी नाही."

तिला ते कळलं नाही. ती हसली.

"जागा बघताय?" मामंजींनी विचारलं.

"नाही, जागा झाली. मागच्या गल्लीत एक खोली मिळालीय. अंधारी आहे, पण चालेल."

बघा — ती दुसरीकडे जाणार होती. जागा ठरलेली होती. मामंजी गप्प बसले असते तर ती मांजरपाट घेऊन निघून गेली असती, आणि त्या वासाचं खरं-खोटं तिथेच झालं असतं. मी जिन्यावरून मनात म्हणत होते, बोलू नका, मामंजी, बोलू नका.

मामंजींनी मांजरपाट गुंडाळून बाजूला ठेवलं. मग गादीवरून उठले, गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश.

"ही जागा घे पोरी," ते म्हणाले. "रस्त्यावर आहे. उजेड आहे. पेशंटला जिना चढायला नको. मालकाशी मी बोलतो."

"आणि काका, तुम्ही?"

"माझं बसून झालं."

त्यांनी मला घरी पाठवलं, नारळ आणायला. मी तो आणून दिला. हलवला की आत खुळखुळ वाजत होता. त्यांनी तो तिच्या ओंजळीत ठेवला. ती गोंधळली, पण खाली वाकून नमस्कार केला तिने. खरं सांगते, तिचा राग कधीच आला नाही मला. पुढे कित्येक वर्षं तिने गावाची बाळंतपणं केली. तुमच्या बाबाला देवीच्या लशीनंतर ताप भरला तेव्हा रात्रभर उशाशी बसली होती.

राग आला तो तुमच्या आजोबांना. आयुष्यात त्यांनी वडिलांपुढे आवाज चढवला तो त्या एकाच दिवशी.

"तिने मागितली नव्हती, दादा! मालकाने काढलं नव्हतं! आपल्याला कुणी घालवलं नाही, तुम्ही स्वतः उठलात. एका वासासाठी!"

मामंजी म्हणाले, "रोज वाट बघत बसण्यापेक्षा..." आणि टोपी काढून खुंटीला लावली.

आजोबा पुढे साखर कारखान्यात स्टोअरकीपर झाले. चांगली नोकरी होती, पण कापडाच्या दुकानावरून जाताना ते नेहमी रस्त्याची दुसरी बाजू धरत. मामंजी त्यानंतर फार जगले नाहीत. शेवटी शेवटी दम लागायचा. रोज दुपारी काठी टेकत त्या दवाखान्यात जायचे आणि डाव्या खांबापाशी जे बाकडं ठेवलं होतं त्यावर बसायचे, पूर्वी गादी होती तिथेच. डॉक्टरीणबाई म्हणायची, "काका, आज काही होतंय का?" ते म्हणायचे, "काही नाही. बसतो जरा." एकदा मी त्यांना न्यायला गेले. भोवती स्पिरीटचा घमघमाट. मी विचारलं, "मामंजी, तोच ना हो वास?"

"मला आता कसलाच वास येत नाही, सूनबाई," ते म्हणाले.

त्याच पावसाळ्यात ते गेले.

माझा क्लास वर चालूच होता. चार यंत्रं, भिंतीवर बोटांचा तक्ता, पाळीपाळीने मुलं-मुली. त्यांत सुमन होती, बौद्धवाड्यातली. वडील मजुरीला, आणि ही नोकरी लागेपर्यंत लग्नाचं नाव काढू देत नव्हती. सगळ्यांत वेगाने टाइप करायची आणि तितक्याच वेगाने बोलायची. सत्तरचं दशक सरत आलं होतं. एका दुपारी तिने यंत्रावरचे हात उचलले.

"बाई, कसला वास येतोय वो?"

मी घाईने म्हणाले, "खालचा असेल. दवाखान्याचा."

"न्हाई बाई. दवाखान्याचा म्या वळखते. ह्यो नवाच काय तरी हाय."

मी खिडकीपाशी, तिच्या यंत्राजवळ गेले. होता. थंड, किंचित गोड, कोरा... काय म्हणू? फळाचा नाही, फुलाचा नाही, तेलाचा नाही. त्याला जोडायला माझ्याकडे वस्तूच नव्हती.

"रेडिओच्या दुकानातला असेल," मी म्हणाले.

"तिथं सोल्डरचा येतो. ह्यो न्हाई." सुमनने पुन्हा नाक ओढलं. "आन् वंगाळ न्हाई बाई. पर आपला न्हाई."

मी रीतीने चालणारी बाई. मी शोधायला निघाले. सायकलच्या टायरचं दुकान, रंगाचं दुकान, फोटोवाला, रेडिओवाला, नवीन निघालेल्या प्लॅस्टिकच्या बादल्यांचं दुकान. जाऊन उभी राहायची, काहीतरी विचारायची आणि हळूच वास घ्यायची. रंगवाल्याने आजोबांना विचारलंदेखील, "वहिनींना सर्दी झालीय का?" कुठेच जुळला नाही. मामंजींना निदान माहीत होतं कुणाची वाट बघायची ते. मला तेही कळत नव्हतं. कोण येणार आहे? काय घेऊन? मी कुणाच्या हाताकडे बघू?

सुमनला दौंडला सरकारी ऑफिसात नोकरी लागली. पेढे घेऊन आली तेव्हा हळूच म्हणाली, "बाई, येतोय का अजून?" मी म्हटलं, येतो कधीमधी. ती म्हणाली, "मग टिकून ऱ्हावा. कळल्याबिगर उठू नका."

मी टिकले. पुष्कळ वर्षं टिकले. मग कॉम्प्युटर आले, टायपिंगला पोरं येईनाशी झाली, आणि मी क्लास बंद केला. माझ्या जागी लगेच कुणी आलं नाही. खोलीला कुलूप लागलं. मी मनात म्हटलं, बघा, कुणी आलं नाही, सगळा खेळ मनाचा. नारळ द्यायला कुणी नव्हतंच. नंतर आम्ही गावाबाहेरच्या घरात राहायला आलो, आजोबा गेले, आणि त्या जिन्याकडे मी पुन्हा फिरकले नाही.

आणि परवा तुमचं खोकं उघडलं.

काल मी रिक्षा करून पेठेत गेले, वाटेत एक नारळ घेऊन. जिन्याला आता बाजूने वेगळं दार काढलंय; वर पाटी होती, 'मोबाईल व लॅपटॉप रिपेअरिंग'. आधी सणसवाडीच्या कुठल्या कंपनीत असलेला, बिहारकडचा एक तरुण तो चालवतो. खोली त्याने सहा-सात वर्षांपूर्वी घेतली म्हणाला. टेबलावर उघडे फोन, फोम, त्या काळ्या काचा. तोच वास, आता आपल्या ठिकाणी बसलेला. सुमनचं यंत्र होतं तिथेच, खिडकीपाशी, तो बसतो.

मी नारळ त्याच्या हातात दिला.

"आजी, ये किस लिए?"

"पूर्वी माझी खोली होती ही," मी म्हटलं. "द्यायला जरा उशीर झाला."

तो उठून पाया पडला, मला स्टूल दिलं, थंड पाणी दिलं. बरं वाटलं मला. हे सगळं इथेच संपलं असतं तर मी तुम्हाला एक छानशी गोष्ट म्हणून पाठवलं असतं.

खाली उतरले. डॉक्टरीणबाई आता थकल्या, मुलाकडे गेल्या. खालची जागा रिकामी आहे. आबांचा नातू कुणाला तरी दाखवायला आला होता, म्हणून दार उघडं होतं. मी आत गेले. फरशीवर बाकड्याच्या पायांचे डाग होते. डाव्या खांबाला हात लावला.

डांबर. कपाटात ठेवतो त्या गोळ्यांचं नव्हे — रस्त्यावर ओततात ते, गरम, उकळतं, धूर निघणारं. घशात बसेल इतका दाट.

मी बाहेर येऊन पाहिलं. पेठेत या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठेही रस्त्याचं काम चालू नव्हतं. आबांच्या नातवाला विचारलं, "वास येतोय का रे कसला?" तो म्हणाला, "व्हय आजी, मघापास्नं. कुठंतरी डांबर टाकत असतील." मग मी विचारलं, रस्ता रुंद करणार आहेत का? तो म्हणाला, "न्हाई ओ, तसलं काय कानावर न्हाई."

मला याचं स्पष्टीकरण माहीत नाही. पन्नास वर्षांपूर्वी नव्हतं, आजही नाही. मामंजींनी डॉक्टरला नारळ दिला, मी त्या तरुणाला दिला. घरी येताना मी आणखी एक घेतला खरा, पण तो कुणाच्या हातात द्यायचा हे मला कळत नाही. रस्त्याला हात नसतात.

आज सकाळी भाजीवालीकडून चौकशी केली. घड्याळ बिल्डिंग उभी आहे. दोन्ही खांब आहेत, माथ्यावरचं गोल भोक आहे, त्यात कबुतरं आहेत. आणि माझ्या देवघरात एक नारळ आहे.

— तुमची आजी